सेल्युलाइटचे खळगे कमी ठळक दिसावेत यासाठी रोजचा आहार कसा आखावा

मांड्या, नितंब आणि काही वेळा पोट व दंडांवर दिसणारे सेल्युलाइटचे खळगे हा आजार नाही. वयात आलेल्या स्त्रियांपैकी ८० ते ९० टक्के स्त्रियांमध्ये ते कमीअधिक प्रमाणात आढळतात आणि त्यात सडपातळ स्त्रियाही आल्या. तरीही अमुक फळ खाल्ले किंवा तमुक पेय प्यायले की हे खळगे नाहीसे होतात, असे छातीठोकपणे सांगणाऱ्या याद्यांचा सुकाळ आहे. म्हणून आहाराकडून काय मिळू शकते आणि काय मिळू शकत नाही, हे आधी समजून घ्यावे आणि मगच वाणसामानाची यादी करायला बसावे.

त्वचेखाली चरबीचे लहान लहान कप्पे असतात आणि त्यांच्या मधून जाणारे तंतूंचे पडदे त्वचेला खालच्या थराशी बांधून ठेवतात. पुरुषांमध्ये हे पडदे तिरपे, एकमेकांना छेदणारे असतात, तर स्त्रियांमध्ये ते बहुतांशी उभे असतात. न्यूर्नबर्गर आणि म्युलर या जर्मन संशोधकांनी १९७८ मध्ये हा फरक मांडला. कापसाच्या गादीला टाके घातले की टाक्याच्या जागी खळगा पडतो आणि भोवतीचा कापूस वर येतो, तसेच येथे घडते: उभे तंतू त्वचेला खाली ओढतात आणि मधली चरबी वर फुगते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक, आनुवंशिकता आणि वयानुसार पातळ होत जाणारी त्वचा यांचाही यात वाटा असतो.

हे तंतू कोणत्याही पदार्थाने सैल होत नाहीत. ते विरघळवणाऱ्या ‘क्वो’ नावाच्या इंजेक्शनला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये मान्यता दिली होती. परंतु टोचल्या जागी उठणारे काळेनिळे डाग आणि दीर्घकाळ टिकू शकणारा त्वचेचा रंगबदल यांमुळे उत्पादकाने २०२२ च्या अखेरीस ते बाजारातून काढून घेतले. नेमक्या तंतूंवर सोडलेल्या औषधाची ही गत असेल, तर ग्लासभर जिरेपाण्याकडून ती अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. आहाराच्या हाती तीन गोष्टी उरतात: कप्प्यांतील चरबी किती आहे, त्या भागात पाणी किती साठते आणि वरची त्वचा किती भरीव आहे. या तिन्हींवर थोडाथोडा परिणाम झाला, तर खळगे राहूनही ते कमी उठून दिसतात.

सुरुवात कोठून करावी

आहारात बदल करण्यापूर्वी सध्याची स्थिती नोंदवून ठेवावी. उभे राहून आणि झोपून अशा दोन्ही स्थितींत त्वचा पाहावी. उभे असताना व झोपल्यावरही ती सपाट दिसते आणि केवळ चिमटीत धरल्यावर खळगे उमटतात, ही पहिली श्रेणी; उभे राहिल्यावर आपोआप दिसतात पण झोपल्यावर दिसत नाहीत, ही दुसरी; आणि दोन्ही स्थितींत दिसतात, ही तिसरी. त्यानंतर एक छायाचित्र काढावे. खिडकीतून बाजूने येणाऱ्या उजेडात खळगे जास्त खोल दिसतात आणि समोरून येणाऱ्या उजेडात ते जवळजवळ पुसले जातात, म्हणून पुढची सर्व छायाचित्रे त्याच खिडकीशी, दिवसाच्या त्याच वेळी आणि तेवढ्याच अंतरावरून काढावीत. जाहिरातींतील ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे पाहताना प्रकाशाची ही किमया लक्षात ठेवली तर बराच पैसा वाचेल.

मीठ

आहारातील ज्या बदलाचा परिणाम सर्वांत लवकर जाणवू शकतो, तो मिठाचा. आहारात मीठ जास्त झाले की शरीर पाणी धरून ठेवते. पायांना जडपणा येतो आणि आधीच ताणलेली त्वचा अधिक फुगीर दिसते. जागतिक आरोग्य संघटना आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था या दोहोंच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ खाऊ नये. रोज मीठ मोजत बसणे कोणाला जमणार? त्यापेक्षा पुडीवर तारीख लिहावी. चार माणसांच्या घराला दिवसाला २० ग्रॅम, या हिशेबाने एक किलोची पुडी ५० दिवस पुरायला हवी. ती महिन्याभरातच संपत असेल, तर मीठ कोठे जाते आहे ते शोधावे लागेल. आणि या हिशेबात पापड, फरसाण, वेफर्स, बाजारचे लोणचे, पाव व बाहेरचे जेवण धरलेलेच नाही.

आपल्या ताटात मीठ वाढायची स्वतंत्र जागा असते, आणि त्याशेजारी लोणचे, चटणी व पापडही असतात. यांपैकी एका जेवणाला एकच पदार्थ ठेवावा, एवढा नियम पुरेसा आहे. भाकरीच्या व पोळीच्या कणकेतील मीठ आधी निम्मे करावे आणि मग बंद करावे. सोबत आमटी किंवा उसळ असताना ते कोणाच्या लक्षातही येत नाही. ताकात मीठ घालण्याऐवजी भाजलेल्या जिऱ्याची पूड, किसलेले आले आणि कोथिंबीर घालावी. कोकण आणि गोव्यातील घरांत सुकट, सुके बोंबील आणि खारवलेला बांगडा हे मिठाचे मोठे साठे असतात. ते कोमट पाण्यात भिजवून, पाणी दोनदा फेकून मगच शिजवावेत आणि त्या कालवणात वरून मीठ घालण्यापूर्वी चव घेऊन पाहावी.

मीठ कमी करण्याच्या जोडीला पालेभाज्या, केळी, शहाळ्याचे पाणी आणि डाळी यांतून मिळणारे पोटॅशियम शरीरातील जादा सोडियम बाहेर टाकायला मदत करते. पाण्याविषयी फार सांगण्यासारखे नाही: तहान भागेल आणि लघवी फिकट राहील इतके प्यावे. चार-पाच लिटर पाणी ढोसल्याने त्वचा घट्ट होत नाही.

प्रथिने आणि क जीवनसत्त्व

त्वचेचा भरीवपणा मुख्यतः कोलॅजन या प्रथिनावर अवलंबून असतो. शरीर ते स्वतः घडवते आणि त्यासाठी त्याला दोन गोष्टी लागतात: आहारातील प्रथिनांतून मिळणारी अमिनो आम्ले आणि ती नीट विणली जावीत यासाठी क जीवनसत्त्व. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांना प्रत्येक किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम. सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी पोळी-भाजी आणि रात्री थोडा भात, असे ज्या घरांत चालते, तेथे हा आकडा सहज हुकतो. बटाट्याची किंवा दुधीची भाजी चांगलीच आहे. पण तिच्यात प्रथिने जवळजवळ नसतात.

धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि कडधान्यांत ते भरपूर असते. लायसिन कोलॅजनच्या बांधणीत लागते. त्यामुळे वरण-भात, ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ, बाजरीची भाकरी आणि पिठले, नाचणीची भाकरी आणि कुळथाचे सांबारे या जोड्या विचारपूर्वक टिकवाव्यात. अडचण प्रमाणाची असते. वाटीभर पातळ आमटीत डाळ जेमतेम चमचा-दोन चमचे असते, म्हणून वरण घट्ट ठेवावे आणि माणशी एका जेवणाला निदान ३० ग्रॅम कोरडी डाळ किंवा कडधान्य पडेल असा अंदाज घ्यावा. त्यातून सुमारे ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. एका अंड्यातून ६ ग्रॅम, मूठभर फुटाण्यांतून साधारण तेवढीच आणि ३०० मिलिलिटर दूध-दह्यातून ९ ते १० ग्रॅम मिळतात.

उपवासाच्या दिवशी हे गणित पार कोलमडते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात तूप, बटाटा आणि भरपूर मीठ पडले की ताटलीभर खिचडीतून मुख्यतः उष्मांकच मिळतात. आठवड्यातून दोन उपवास करणाऱ्या स्त्रीने तरी साबुदाण्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी आणि दही यांवर भर द्यावा. उपवास मोडण्याची येथे काहीच गरज नाही.

क जीवनसत्त्वाची रोजची गरज स्त्रियांसाठी ६५ मिलिग्रॅम आहे आणि ती भागवायला महागडी फळे लागत नाहीत. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमहून अधिक क जीवनसत्त्व असते आणि आवळ्यात त्याहूनही जास्त. अर्थात, मध्यम आकाराचा एक पेरू दिवसाची गरज तिप्पट भागवतो. हे जीवनसत्त्व उष्णतेने आणि पाण्यात उकळल्याने कमी होते, म्हणून ते कच्च्या पदार्थांतून घ्यावे. आवळ्याच्या दिवसांत, म्हणजे साधारण कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत, एक आवळा किसून दह्यात कालवावा, त्यात कोथिंबीर घालावी आणि तूप-हिंगाची फोडणी थोडी निवल्यावर वरून द्यावी. ही कोशिंबीर जेवायच्या वेळीच करावी, सकाळी करून ठेवू नये. मोरावळा चविष्ट असतो, परंतु त्यात आवळ्याबरोबर साखरही पोटात जाते, हे विसरू नये. इतर ऋतूंत पानात लिंबाची फोड असावी आणि ती शिजत्या वरणात न पिळता वाढलेल्या वरणावर पिळावी. गरजेपेक्षा जास्त क जीवनसत्त्व घेतले म्हणून जास्त कोलॅजन तयार होत नाही. गोळ्यांचा मारा करण्यात अर्थ नाही.

कोलॅजनची पावडर घ्यावी का

या विषयात ज्या थोड्या गोष्टींची प्रत्यक्ष सेल्युलाइटवर चाचणी झाली आहे, त्यांत कोलॅजन पेप्टाइड, म्हणजे कोलॅजनचे लहान तुकडे, येते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २४ ते ५० वयाच्या १०५ स्त्रियांना सहा महिने रोज २.५ ग्रॅम कोलॅजन पेप्टाइड किंवा त्यासारखी दिसणारी निरुपद्रवी पावडर देण्यात आली. खऱ्या पावडरीने सामान्य वजनाच्या स्त्रियांच्या मांड्यांवरील खळग्यांत मोजता येईल अशी सुधारणा झाली. जास्त वजनाच्या स्त्रियांमध्ये ती कमी होती. चाचणी एका विशिष्ट उत्पादनाची होती आणि फरक सौम्य होता. महिन्याचा खर्च परवडत असेल आणि प्राणिजन्य पदार्थ चालत असतील तर सहा महिने घेऊन पाहायला हरकत नाही, परंतु रोजच्या जेवणातील प्रथिने अपुरी असताना पावडर विकत घेणे म्हणजे पाया सोडून कळसाला हात घालणे होय. हे पेप्टाइड गुरे, डुकरे किंवा मासे यांपासून काढलेले असते. ‘शाकाहारी कोलॅजन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच डब्यांत कोलॅजन नसतेच, तर क जीवनसत्त्व आणि वनस्पतींचे अर्क असतात. क जीवनसत्त्व तर पेरूतून स्वस्तात मिळते. मांसाहारी घरांतील पायाच्या सुपात कोलॅजन असते खरे. पण त्यात ते किती असते हे ठरलेले नसल्याने चाचणीतील निष्कर्ष सुपाला लावता येत नाही.

जवस आणि मासे

ओमेगा-३ स्निग्धाम्ले त्वचेच्या पेशींची आवरणे राखतात आणि दाह कमी करण्यास मदत करू शकतात. जवसाच्या तेलावर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत १२ आठवडे रोज सुमारे २.२ ग्रॅम तेल घेतलेल्या स्त्रियांच्या त्वचेतील ओलावा वाढला आणि खरखरीतपणा कमी झाला. ही चाचणी सेल्युलाइटवरची नव्हती, तरी पृष्ठभाग नितळ झाला तर खळग्यांची सावली सौम्य दिसू शकते, एवढी आशा त्यातून बाळगता येते. तितके तेल मिळवायला मोठा चमचाभर जवसाची पूड पुरते, आणि विदर्भ-मराठवाड्यातील घरांना ती नवी नाही.

अख्खे जवस बहुधा न पचता तसेच बाहेर पडतात, म्हणून ते कुटलेच पाहिजेत. जाड बुडाच्या कढईत वाटीभर जवस मंद आचेवर तडतडू लागेपर्यंतच भाजावेत; रंग बदलू लागला की ते कडवट होतात. पूर्ण निवल्यावर पाच-सहा लसणीच्या पाकळ्या, चमचाभर भाजलेले जिरे, लाल तिखट आणि दोन आमसुले घालून खलबत्त्यात जाडसर कुटावेत. आमसुलाचा आंबटपणा असल्याने मीठ नेहमीच्या निम्म्याने कमी चालते. गरम चटणी डब्यात भरली तर वाफ धरून खवट होते. आठ-दहा दिवसांपुरतीच करावी, घट्ट झाकणाच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावी आणि भाकरीवर तेलाऐवजी दह्यासोबत घ्यावी. कारळ्याची किंवा तिळाची चटणी रुचिपालट म्हणून उत्तम आहे, मात्र तिच्यात ओमेगा-३ फारसे नसते.

मासे खाणाऱ्यांसाठी बांगडा आणि तारली हे सर्वांत किफायतशीर मासे होत. आठवड्यातून दोनदा बांगड्याचे तिखले, उडदमेथी किंवा तव्यावर जेमतेम तेलात भाजलेला बांगडा पुरेसा आहे. रव्यात घोळवून खरपूस तळला की तेलाचा हिशेब बिघडतो. सामन मिळत नाही म्हणून हळहळण्याचे कारण नाही.

साखर, भाकरी आणि वजन

दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, एवढ्यातच ३५ ते ४० ग्रॅम साखर पोटात जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वरून घातलेली साखर दिवसाला २० ते २५ ग्रॅमच्या आत असावी. रक्तातील साखर वारंवार वाढत राहिली तर ती कोलॅजनच्या तंतूंना चिकटून त्यांना ताठर करते. चहातील साखर दर पंधरवड्याला अर्ध्या चमच्याने कमी करावी. गूळ घातला म्हणजे हिशेब सुटला, असे समजू नये.

तंतुमय पदार्थांसाठी भाकरीकडे परतावे. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम ३. भाकरी, उसळ आणि मोठी वाटी पालेभाजी अशा जेवणाने पोट भरल्याची जाणीव टिकते आणि संध्याकाळी चिवड्याच्या डब्याकडे हात जात नाही.

वजन जास्त असेल तर ते कमी केल्याने बऱ्याच स्त्रियांमध्ये खळगे सौम्य होतात, पण सर्वांमध्ये नाही. वजन घटवलेल्या स्त्रियांच्या २००६ मधील एका लहान अभ्यासात बहुतेकींची त्वचा सुधारली आणि काहींची बिघडली. चरबी गेली पण त्वचा सैल पडली की खळगे उलट उठून दिसतात. म्हणून आठवड्याला अर्ध्या किलोहून अधिक वेगाने वजन उतरवू नये आणि प्रथिने कमी करून तर मुळीच उतरवू नये. केवळ रसांवर राहण्याचे ‘डिटॉक्स’ कार्यक्रम या कारणासाठीच टाळावेत. त्यांत पहिल्या आठवड्यात उतरते ते मुख्यतः पाणी, आणि त्यापाठोपाठ स्नायू. मांड्यांचे स्नायू राहिले पाहिजेत, त्यासाठी आहाराच्या जोडीला उठाबशा आणि जिने चढणे हवेच.

एक दिवस असा आखता येईल: सकाळी मुगाची दोन धिरडी, सोबत दही आणि एक पेरू, दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी, मटकीची घट्ट उसळ, मेथीची किंवा चाकवताची भाजी, आवळ्याची कोशिंबीर आणि बिनमिठाचे ताक, चारच्या सुमारास अर्धा चमचा साखरेचा चहा आणि मूठभर बिनमिठाचे फुटाणे, रात्री घट्ट वरण, थोडा भात, भाजी, वर लिंबू आणि मोठा चमचाभर जवसाची चटणी. यातून सुमारे ५० ग्रॅम प्रथिने मिळतात. अंडी किंवा मासे खाणाऱ्यांनी रात्रीचे वरण त्याने बदलावे.

ॲव्होकॅडो, शतावरीचे कोंब, अननस, ग्रेपफ्रूट ही नावे या विषयावरच्या बहुतेक याद्यांत भेटतात. ते चांगले पदार्थ आहेत, आवडत असतील तर खावेत. परंतु सेल्युलाइटसाठी म्हणून त्यांच्यावर वेगळा पैसा खर्च करण्याइतका पुरावा नाही. कॉफीचेही तसेच: कॅफीन क्रीममध्ये घालून त्वचेवर चोळतात, त्याचा तात्पुरता परिणाम दिसू शकतो, पण कॉफी पिण्याने तो मिळत नाही.

मिठातील घट आठवड्या-दोन आठवड्यांत जाणवू शकते; त्वचेतील बदल पाहायला निदान तीन महिने, आणि शक्य असल्यास सहा महिने द्यावेत. छायाचित्र महिन्यातून एकदाच काढावे. मासिक पाळीपूर्वी अंगात पाणी साठते, त्यामुळे ते दिवस टाळून दर वेळी पाळीनंतरच्या आठवड्यात काढावे.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिने आणि पोटॅशियमचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच बदलावे. मधुमेहावर किंवा रक्त पातळ करण्यासाठी औषधे चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनीही जवस व पावडरी सुरू करण्यापूर्वी विचारून घ्यावे. दोन्ही पाय सारखेच जाड होत असतील, दाबले की दुखत असतील, सहज काळेनिळे पडत असतील आणि पावले मात्र बारीकच राहत असतील, तर तो लिपेडिमा, म्हणजे पायांत चरबी साठत जाण्याचा विकार, असू शकतो; त्यासाठी तज्ज्ञांकडे जावे. एकच पाय अचानक सुजला, किंवा त्वचा लाल, गरम आणि दुखरी होऊन ताप आला, तर तो सेल्युलाइटचा भाग नाही. रक्ताची गुठळी किंवा जंतुसंसर्ग असण्याची शक्यता असल्याने त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.